पेशीपर्यंतची हवा

(सांगली येथे एका स्मृती-व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते विज्ञान शिकवायचे. एखादे वाक्य वर्गाला तोंडपाठ आहे असे दिसले की ते हमखास विचारायचे, ‘हे खरं कशावरून?’ म्हणून आज आपल्या सगळ्यांना तोंडपाठ असलेल्या वाक्यापासूनच सुरुवात करतो. झाडे कार्बन डायऑक्साइड घेतात आणि ऑक्सिजन सोडतात. माणसे ऑक्सिजन घेतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. वाक्य छान आहे. भिंतीवर रंगवायला तर फारच छान. पण ते अर्धेच खरे आहे, आणि उरलेल्या अर्ध्याची किंमत आपल्या जिल्ह्यातला शेतकरी गेली कित्येक वर्षे मोजतो आहे. ती कशी, ते शेवटाकडे सांगेन.

झाडेही ऑक्सिजन घेतात. दिवसा घेतात, रात्री घेतात. पान घेते, खोड घेते, फूल घेते, जमिनीखालचे मूळ तर घेतेच घेते. झाडाच्या पानात उन्हात जे घडते तो स्वयंपाक, आणि प्रत्येक जिवंत पेशीत चोवीस तास जे चालते ते जेवण. स्वयंपाकघर फक्त हिरव्या भागात असते आणि उजेडातच चालते. जेवण मात्र सगळ्या घराला लागते. दिवसभरात पानांनी तयार केलेल्या साखरेपैकी साधारण निम्मी झाड स्वतःच्याच श्वसनात खर्च करते. भर उन्हात पानातून बाहेर पडणारा ऑक्सिजन त्याने वापरलेल्या ऑक्सिजनच्या कितीतरी पट असतो, त्यामुळे हा वापर आपल्या नजरेत येत नाही, इतकेच.

इथे पिंपळाचा विषय निघणारच, तेव्हा तो आत्ताच संपवतो. पिंपळ रात्री ऑक्सिजन सोडतो असे म्हणतात. कोविडच्या दिवसांत तर पिंपळाखाली बसा असे संदेश फोनवरून फिरत होते. ऑक्सिजन येतो पाण्याचा रेणू फोडून, आणि तो फोडायला प्रकाश लागतो. अंधारात तो फुटत नाही, मग झाड पिंपळ असो वा बाभूळ. गोंधळ कुठून झाला याचा अंदाज करता येतो. निवडुंग, अननस यांसारख्या काही वनस्पती पाणी वाचवण्यासाठी आपली रंध्रे, म्हणजे पानांवरची बारीक छिद्रे, रात्री उघडतात आणि रात्रीच कार्बन डायऑक्साइड आत घेऊन आम्लाच्या रूपात साठवतात. ‘रात्री कार्बन डायऑक्साइड घेते’ हे ऐकणाऱ्याने ‘म्हणजे रात्री ऑक्सिजन सोडत असणार’ असे स्वतःच जोडून टाकले असावे. कारण ते तोंडपाठ वाक्य! पिंपळाखाली जरूर बसा. सावली चांगली असते.

याच्या उलट टोकाची भीतीही आहे. रात्री खोलीत कुंडी ठेवू नये, झाड आपला प्राणवायू खाते, असे सांगणारी माणसे आहेत. त्यांच्यासाठी थोडा हिशोब. स्वस्थ पडलेला माणूस मिनिटाला साधारण 250 मिलिलिटर ऑक्सिजन वापरतो. आठ तासांच्या झोपेत होतात 120 लिटर. दहा बाय बाराची, दहा फूट उंचीची खोली घ्या. तिच्यात सुमारे 34,000 लिटर हवा मावते आणि त्या हवेत 7,000 लिटर ऑक्सिजन असतो. म्हणजे खोली अगदी हवाबंद केली, तरी रात्रभरात आपण त्यातला दोन टक्केसुद्धा संपवत नाही. कुंडीतल्या झाडाचा वाटा त्याच्या पासंगालाही पुरत नाही. कुंडीपेक्षा शेजारी झोपलेला माणूस जास्त ऑक्सिजन घेतो, आणि त्याला कोणी बाहेर काढत नाही.

रात्रीच्या या भीतीचा उगम मात्र अडाणीपणात नाही, चांगल्या प्रयोगशाळेत आहे. 1771च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या लीड्स गावी जोसेफ प्रिस्टलेने बंद काचपात्रात मेणबत्ती विझू दिली आणि त्या विटलेल्या हवेत पुदिन्याचा एक कोंब ठेवला. दहा दिवसांनी त्याच हवेत दुसरी मेणबत्ती व्यवस्थित जळली. हवा शुद्ध झाली होती. पण प्रयोग पुन्हा करायला गेले की कधी जमायचा, कधी नाही. स्वीडनमधल्या शील या रसायनशास्त्रज्ञाला तर नेमके उलटेच दिसले. गाठ सुटली ती 1779मध्ये. यान इंगेनहाउझ हा मूळचा डच वैद्य. त्याने त्या उन्हाळ्यात लंडनजवळ मुक्काम ठोकून पाचशेवर प्रयोग केले आणि सांगितले की हवा सुधारण्याचे काम फक्त हिरवे भाग करतात, तेही प्रकाशातच. अंधारात ते हवा बिघडवतात, आणि फुले-मुळे तर दिवसाही बिघडवतात. या ‘बिघडवतात’चा लोकांनी धसका घेतला. रुग्णाच्या खोलीतून रात्री फुले बाहेर नेण्याची पद्धत युरोपात बरीच वर्षे टिकली, ती त्यातूनच.

त्याच सुमारास पॅरिसमध्ये अंत्वान लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी एका गिनीपिगला बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवले. त्याच्या अंगच्या उष्णतेने किती बर्फ वितळले ते मोजले, त्याने किती कार्बन डायऑक्साइड सोडला ते मोजले, आणि तेवढाच वायू निघेल इतका कोळसा जाळून पाहिला. दोन्हीकडची उष्णता बरीचशी जुळली. श्वसन हे संथ ज्वलन आहे, असा निष्कर्ष निघाला. एक गोष्ट लाव्हाझिएला सापडली नव्हती. हे ज्वलन फुप्फुसात होते असे त्याला वाटत असे. ते फुप्फुसात होत नाही, रक्तातही नाही. ते प्रत्येक पेशीत होते, हे ठरायला पुढे जवळजवळ शंभर वर्षे गेली. लाव्हाझिएला तेवढा वेळ मिळाला नाही. 1794च्या मे महिन्यात क्रांतीच्या धुमश्चक्रीत त्याचा शिरच्छेद झाला.

आता पॅरिस सोडू आणि हरिपूरला येऊ.

पेव म्हणजे काय हे सांगलीत सांगायला नको. पण हे व्याख्यान छापले जाणार आहे, म्हणून बाहेरच्या वाचकासाठी सांगतो. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळच्या हरिपुरात जमिनीखाली खणलेली ही कोठारे. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढे, आत पोट मोठे. वर्षानुवर्षे त्यांत हळद साठवली गेली. 2005च्या महापुरात पाणी शिरले आणि पुष्कळ पेवे कायमची निकामी झाली. ज्वारीची पेवे तर घाटमाथ्यावर गावोगाव होती. पेव फोडले की लगेच आत उतरायचे नाही, हा नियम लहान पोरालाही ठाऊक असे. तोंड उघडून काही तास तसेच ठेवायचे. मग दोरीला कंदील बांधून आत सोडायचा. ज्योत मंदावली, विझली, की आणखी थांबायचे. जळत राहिली, की माणूस उतरणार.

हा प्रिस्टलेचा प्रयोग आहे. फक्त मेणबत्तीच्या जागी कंदील आहे आणि त्याने काचपात्रात ठेवलेल्या उंदराच्या जागी हमाल.

पेवात होते काय? ज्वारीचा दाणा मेलेला नसतो. वाळलेला असला तरी त्यातला अंकुर जिवंत असतो आणि अगदी हळू का होईना, श्वसन करत असतो. दाण्याबरोबर आत गेलेले किडे श्वसन करतात, बुरशी करते. तोंड मातीने बंद केलेले, नवी हवा येत नाही. ऑक्सिजन उतरत जातो, कार्बन डायऑक्साइड साचत जातो, आणि तो हवेपेक्षा जड असल्याने उघडल्यावरही तळाशी बसून राहतो. हळदीचे थोडे वेगळे. ती शिजवून, वाळवून ठेवलेली असते, म्हणजे कंद स्वतः जिवंत नसतो; तिथे ऑक्सिजन संपवतात ते तिच्यावर जगणारे किडे आणि सूक्ष्मजीव. आणि तो संपला की पहिले मरतात तेच. पेवात माल टिकतो तो असा. आज हवाबंद पिशव्यांतून धान्य साठवण्याची जी नवी पद्धत म्हणून जाहिरात होते, तिचे तत्त्व हेच.

कंदिलाचा उपयोग का होतो, तेही आकड्यांत बघण्यासारखे आहे. साध्या हवेत ऑक्सिजन 21 टक्के असतो. तो 16-17 टक्क्यांच्या आसपास उतरला की ज्योत विझते. माणूस बेशुद्ध पडायला तो याहून बराच खाली, दहा टक्क्यांच्या घरात जावा लागतो. या दोन आकड्यांमधल्या फटीत आपल्या पूर्वजांनी आपला जीव सांभाळला. पण हे धान्याच्या पेवापुरते. मैल्याच्या टाकीत आणि गटारात मारतो तो मुख्यतः हायड्रोजन सल्फाइड, आणि त्याची खबर कंदील देत नाही. उलट तिथे मिथेन असेल तर कंदिलानेच स्फोट होईल. तिथे माणसाला उतरवूच नये. कायदाही तेच सांगतो, आणि तरी दरवर्षी माणसे मरतात.

इथपर्यंत आपण बघितले की झाड, दाणा, माणूस, सगळ्यांना ऑक्सिजन लागतो. पण आजचा माझा खरा मुद्दा वेगळा आहे. श्वसन सगळ्यांचे सारखेच. दाण्याच्या पेशीत, पिंपळाच्या मुळात, तुमच्या माझ्या मेंदूत तंतुकणिका नावाचे तेच सूक्ष्म अवयव तीच साखर त्याच टप्प्यांनी जाळतात. फरक आहे तो ऑक्सिजन तिथपर्यंत पोहोचवण्यात. आणि ही सगळी अंतराची गोष्ट आहे.

वायूचे रेणू गर्दीकडून विरळीकडे आपसूक पसरतात, याला विसरण म्हणतात. फुकटात होते, पण त्याचा एक विचित्र कायदा आहे. अंतर दसपट झाले की वेळ शंभरपट लागतो. पाण्यात ऑक्सिजनच्या रेणूला एका पेशीच्या रुंदीएवढे अंतर जायला सेकंदाचा काही शतांश भाग पुरतो. एक मिलिमीटर जायला काही मिनिटे. एक सेंटिमीटर जायला काही तास. आणि एक मीटर? काही वर्षे. आपले शरीर बहुतांश पाणीच. तेव्हा त्वचेतून आत झिरपणाऱ्या ऑक्सिजनच्या भरवशावर माणूस जगायचा म्हटले, तर तो कागदाएवढा पातळ असावा लागेल. हवेत मात्र हेच विसरण पाण्याच्या सुमारे दहा हजार पट वेगाने होते. हा दहा हजारचा आकडा लक्षात ठेवा, पुढे शेतात तो पुन्हा लागणार आहे.

या कायद्यातून माणसाने, म्हणजे उत्क्रांतीने माणसासाठी, काढलेली वाट म्हणजे लांबच्या अंतरावर पंप लावायचे आणि शेवटचे अंतर इतके कमी करायचे की विसरणाने काम भागावे. पंप दोन: छातीचा भाता आणि हृदय. शेवटचे अंतर म्हणजे फुप्फुसातल्या वायुकोशाची भिंत. फुप्फुसांत असे तीस कोटींहून अधिक वायुकोश असतात, आणि त्यांची भिंत व रक्तवाहिनीची भिंत मिळून जाडी असते सुमारे अर्धा मायक्रॉन. मिलिमीटरचा दोन हजारावा भाग. हे सगळे उलगडून पसरले तर साधारण 70 चौरस मीटर, म्हणजे साडेसातशे चौरस फूट भरते. एवढे क्षेत्रफळ छातीच्या पिंजऱ्यात घडी करून ठेवलेले आहे.

पूर्वी काही मोठ्या माणसांना हे साधे विसरण पुरेसे वाटत नव्हते. फुप्फुसाची भिंत ऑक्सिजन जोर लावून रक्तात ढकलत असणार, असे कोपनहेगनच्या क्रिस्टियन बोर यांचे मत होते. अणूवाले नील्स बोर यांचे हे वडील. त्यांचाच सहायक ऑगस्ट क्रोग आणि त्याची पत्नी मारी क्रोग, ती स्वतः डॉक्टर. या दोघांनी काटेकोर मोजमापे घेऊन 1910मध्ये लागोपाठ सात निबंध छापले आणि दाखवून दिले की ढकलाढकली काही नाही, नुसत्या विसरणावर सगळा हिशोब जुळतो. घरात या सात निबंधांना ते ‘सात छोटे सैतान’ म्हणत. गुरूच्या विरोधात जायचे, तेही आकड्यांनिशी! इंग्लंडच्या जे. एस. हाल्डेन यांनी मात्र 1936मध्ये मरेपर्यंत ढकलण्याची कल्पना सोडली नाही. श्वसनशास्त्रात इतके मोठे काम केलेल्या माणसाचा हा हट्ट वाचताना मला नेहमी बरे वाटते.

त्याच हाल्डेन यांनी 1905मध्ये जे दाखवले त्याचा अनुभव आपण कोविडमध्ये घेतला. श्वास घ्यावासा का वाटतो? ऑक्सिजन कमी पडला म्हणून, असे आपण समजतो. तसे नाही. मेंदू मुख्यतः लक्ष ठेवतो तो रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडवर. तो जरा वाढला की श्वास वाढतो. हा वायू पाण्यात सहज विरघळतो, म्हणून फुप्फुसाच्या भिंतीतून ऑक्सिजनच्या वीसपट सहज आरपार जातो. आता भिंत सुजली, तिच्यात पाणी झाले, अर्ध्या मायक्रॉनचे अंतर काही पटींनी वाढले, तर अडकणार कोण? ऑक्सिजन. कार्बन डायऑक्साइड तरीही बाहेर पडत राहणार. मेंदूला वाटणार सगळे ठीक आहे. म्हणून खाटेवर बसून फोनवर बोलणाऱ्या, चहा पिणाऱ्या रुग्णाच्या बोटाला यंत्र लावले की 78चा आकडा दिसायचा आणि डॉक्टरांच्या पोटात गोळा यायचा.

बोटाला लावायच्या त्या चिमट्यामागची कल्पना जपानच्या ताकुओ आओयागी यांची, 1970च्या दशकातली. ऑक्सिजन घेतलेले हिमोग्लोबिन आणि न घेतलेले हिमोग्लोबिन लाल प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषते; नाडीच्या ठोक्याबरोबर होणारा बदल तेवढा वेगळा काढायचा. हे यंत्र जगाच्या घराघरांत पोहोचत होते, त्याच 2020च्या एप्रिलमध्ये आओयागी गेले.

आणि सहा मिनिटे चालून बघायची चाचणी आठवते? घरातल्या घरात चालायचे आणि मग आकडा बघायचा. त्यामागेही अंतर आणि वेळ यांचेच गणित होते. तांबडी रक्तपेशी फुप्फुसातल्या केशवाहिनीत सुमारे पाऊण सेकंद असते. निरोगी माणसात ती ऑक्सिजनने भरायला त्यातला एकतृतीयांश वेळ पुरतो; बाकीची सवड शिल्लक. भिंत जाड झाली की ही सवड खर्ची पडते, पण बसल्या जागी आकडा ठीक दिसतो. चालायला लागले की रक्त वेगाने धावते, पाऊण सेकंद कमी होतो, सवड संपलेली असते आणि आकडा घसरतो. साध्या चालण्यातून फुप्फुसाच्या भिंतीची जाडी कळत होती.

आता झाड. त्याच्याकडे पंप नाही, हिमोग्लोबिनची गाडी नाही, आणि तरी ते शंभर फूट वाढते. कसे? झाडाने दुसरा मार्ग धरला. त्याने हवाच आत घेतली. पानाच्या पोटात पेशी एकमेकींना जेमतेम टेकलेल्या असतात आणि मध्ये हवेच्या गल्ल्या असतात. खोडातही सालीवर बारीक फोडांसारखी वातरंध्रे असतात, शेवग्याच्या सालीवर ती नुसत्या डोळ्यांनी दिसतात. मोठ्या बुंध्याचा गाभा मृत लाकडाचा. जिवंत भाग बराचसा सालीलगत. म्हणजे वडाचे झाड केवढेही दिसले, तरी त्याच्या जिवंत पेशी हवेपासून फार दूर नसतात. शिवाय त्याची भूक कमी. ते धावत नाही, अंग तापवत नाही.

पानातल्या या गल्ल्यांची दारे, म्हणजे रंध्रे, बघायची असतील तर ऱ्होओचे पान घ्या. वरून हिरवे, खालून जांभळे, शाळेच्या कुंडीत हमखास असते. पान तिरके फाडले की खालचा जांभळा पापुद्रा सुटतो. काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली बघा. जांभळ्या षटकोनी फरशीत मधूनमधून दोन-दोन हिरवट पेशी समोरासमोर, आणि त्यांच्यामध्ये फट. आता काचेच्या कडेने मिठाच्या पाण्याचा थेंब सोडा. बघता बघता फट मिटते. त्या दोन रक्षक पेशी पाण्याने फुगल्या की बाहेरच्या बाजूला वाकतात आणि दार उघडते. पाणी गेले की सैल पडून मिटते. फुगवण्याचे काम करते पोटॅशियम. ते पेशीत शिरले की पाठोपाठ पाणी येते. खताच्या गोणीवर ‘पालाश’ म्हणून लिहिलेले असते तेच हे. पालाश कमी पडलेले पीक दुपारच्या उन्हात आधी मान टाकते, त्याचे एक कारण या दाराच्या बिजागरीत आहे.

एका चौरस मिलिमीटरला अशी शे-दोनशे दारे असतात; सगळी उघडी असली तरी पानाच्या क्षेत्रफळाच्या एक-दोन टक्केच. मग एवढ्याशा उघड्या जागेतून पुरेसा वायू जातो कसा? 1900मध्ये ब्राउन आणि एस्कोम या इंग्रज संशोधकांनी उत्तर दिले. छोट्या छिद्रातून होणारे विसरण छिद्राच्या क्षेत्रफळावर नाही, व्यासावर ठरते, कारण रेणू कडेने बाजूलाही पसरतात. एका मोठ्या भोकापेक्षा तेवढ्याच क्षेत्रफळाची हजार बारीक भोके कितीतरी जास्त वायू सोडतात.

पण दार उघडले की एक आत येतो आणि दुसरा बाहेर जातो. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड फक्त 0.04 टक्के, आणि पानाच्या आत वाफ गच्च भरलेली. त्यामुळे कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू आत यावा म्हणून गहू, भात, सोयाबीन अशी पिके पाण्याचे चारशे-पाचशे रेणू घालवतात. ऊस, मका, ज्वारी यांनी आत एक जादा रासायनिक टप्पा ठेवला आहे, जो थोडक्या कार्बन डायऑक्साइडलाही गोळा करून घट्ट करतो. ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक यांनी 1966मध्ये तो उलगडला, तोही उसाच्याच पानात. त्यामुळे ऊस अर्धवट दारे लावूनही काम करतो आणि दर ग्रॅम कार्बनमागे पाणी निम्म्याच्या आसपास खर्चतो. उसाला पाण्याचा राक्षस म्हणतात. पानाकडे बघितले तर ते काटकसरी आहे. तो वर्ष-दीड वर्ष उभा असतो, वाढतो प्रचंड, आणि आपण त्याला लागते त्याहून अधिक पाजतो. हा दोष पानाच्या माथी मारू नये.

आणि इथे आपण जमिनीखाली आलो.

मूळ हिरवे नाही, त्याला उजेड नाही. ते ऑक्सिजन सोडत नाही, फक्त घेते. तो मिळतो मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतून. चांगल्या जमिनीत काही पोकळ्यांत पाणी असते, काहींत हवा, आणि दोन्ही हाताशी असले की शेतकरी वाफसा आला म्हणतो आणि तेव्हाच पेरणी करतो. सगळ्या पोकळ्या पाण्याने भरल्या की तो दहा हजारचा आकडा आडवा येतो. वरून ऑक्सिजन यायचा वेग दहा हजारपटीने घटतो. जो आत होता तो मुळे आणि जिवाणू मिळून, उबदार जमिनीत एक-दोन दिवसांत संपवतात. मग मूळ ऑक्सिजनशिवाय साखर अर्धवट मोडते. ग्लुकोजच्या एका रेणूमागे ऊर्जेची जी तीसेक नाणी मिळायची, तिथे दोन मिळतात. मुळाच्या आतली पाण्याची वाट आखडते, आणि घोटाभर पाण्यात उभे असलेले सोयाबीन पाण्यावाचून सुकते. कोमेजले म्हणून शेतकरी आणखी पाणी देतो, असेही घडते.

भाताला हे होत नाही, कारण त्याच्या खोडापासून मुळापर्यंत हवेच्या नळ्या आहेत. तिवराला होत नाही. ठाण्याच्या खाडीत ओहोटीला जाऊन बघा. चिखलातून पेन्सिलीएवढी हजारो मुळे वर डोके काढून उभी असतात. प्रत्येकावर बारीक वातरंध्रे असतात. भरतीत ती बुडतात, आतला ऑक्सिजन वापरला जातो, सुटलेला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून जातो, म्हणून आतला दाब उतरतो. ओहोटीला टोके उघडी पडली की बाहेरची हवा आपोआप आत ओढली जाते. पंपाशिवाय श्वास, समुद्राच्या खर्चाने. कांदळाची तऱ्हा वेगळी, त्याची मुळे तंबूच्या काठ्यांसारखी वरूनच खाली येतात. संशोधक शोलँडर यांनी 1955मध्ये फ्लोरिडातल्या खारफुटीत अशा मुळांची रंध्रे ग्रीस लावून बुजवली. दोन दिवसांत चिखलातल्या मुळांतला ऑक्सिजन 15-18 टक्क्यांवरून दोनच्या आसपास आला.

उसाला तिवराची मुळे नाहीत. वाळवा, मिरज, पलूसपासून पलीकडे शिरोळपर्यंत कृष्णाकाठची काळी जमीन बघा. चिकण माती, निचरा मंद, आणि पाटाचे पाणी सोडून झोपी जाण्याची सोय. भूजल वर वर येत गेले, त्याबरोबर क्षार वर आले, आणि एकेकाळी एकरी विक्रम करणारी जमीन आधी चिबड झाली, मग चोपण. वर पांढरी खपली, खाली गुदमरलेले मूळ. क्षारांची चर्चा सगळे करतात, कारण क्षार दिसतात. हवा दिसत नाही. जिप्सम टाकून, खत वाढवून पिवळा पडलेला ऊस हिरवा होत नाही, याचे आश्चर्य वाटायला नको. मुळाला खत उचलायला ऊर्जा लागते, आणि ऊर्जेला ऑक्सिजन.

उपाय माहीत आहे. तीन-चार फुटांवर सच्छिद्र नळ्या पुरायच्या आणि साचलेले पाणी बाहेर काढायचे. पाणी उतरले की त्याच्या जागी वरून हवा शिरते, ती कोणी भरावी लागत नाही. पावसाळ्यात गोडे पाणी क्षार धुऊन याच नळ्यांतून नेते. शिरोळ तालुक्यात शेतकऱ्यांनी एकत्र येऊन हे करून दाखवले आहे आणि पडीक रानात पुन्हा ऊस उभा राहिला आहे. एकेकट्याने हे जमत नाही. खर्च हे एक कारण. दुसरे असे, की नळीतून निघालेले पाणी ओढ्यापर्यंत न्यायला शेजाऱ्याच्या, त्याच्या शेजाऱ्याच्या रानातून वाट लागते, आणि आपल्याकडे बांधावरून तीन-तीन पिढ्या कोर्टात भांडणारे आहेत. वाट मिळाली तरी ओढ्याचे पात्र अतिक्रमणाने बुजलेले असते. तेव्हा ज्यांच्या गावात चिबड रान आहे, त्यांनी उद्या सकाळी आधी ओढा बघून यावा. नळीचे बघू नंतर.